गाडीवर, गाडीत, गाडीनं : नव्या गुरुजींसाठी इंग्रजीचा वाहनपाठ

तुमची नेमणूक बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एखाद्या मराठी शाळेत झाली असेल आणि पहिली-दुसरीच्या पोरांना इंग्रजीतून वाहनं शिकवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. मग तो तक्ता गुंडाळून ठेवा. तोच, अप्पा बळवंत चौकातून येताना घेतलेला, चकचकीत, वर ‘मीन्स ऑफ ट्रान्सपोर्ट’ छापलेला. त्यात ट्राम असते, पाणबुडी असते, गरम हवेचा फुगा असतो आणि खालच्या कोपऱ्यात बर्फावरून घसरणारी कुत्र्यांची गाडी असते. निमगाव केतकीच्या पोराला बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा. त्याच्यावरून कुत्री गाडी ओढतात, असं सांगितल्यावर ते पोर तुमच्याकडे ज्या नजरेनं बघेल, ती झेपणार असेल तरच तक्ता उघडा. माझ्या वर्गात तो पश्चिमेच्या खिडकीला लावलाय. दुपारचं ऊन फार छान अडवतो.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या पिढीच्या ते खरोखरच पाचवीला पुजलेलं होतं. तेव्हा पाचवीत आमचे गुरुजी ‘बी यू एस बस’ म्हणून घोकून घ्यायचे, आणि आम्हाला वाटायचं की खाली बसायला सांगतायत. सगळा वर्ग बसायचा. हा विनोद जुना आहे, पण दर जूनमध्ये नव्यानं घडतो. त्यामुळे बस हा शब्द पहिल्या दिवशी घेऊ नका.

पायरी पहिली : गाडी

पहिली अडचण इंग्रजीची नाहीच, मराठीची आहे. पुस्तकात ‘वाहन’ असतं, धड्याच्या मथळ्यावर ‘वाहतुकीची साधने’ असतात. वाहन हा शब्द आपल्याकडे फक्त आरटीओ आणि पोलीस वापरतात. आज सकाळी वाहतुकीच्या कोणत्या साधनाने आलास, असं विचारलंत तर पोरगं घाबरून खरं बोलून टाकेल.

आपल्याकडे सगळी गाडीच. बैलाची ती गाडी, रुळावरची ती गाडी, महामंडळाची ती गाडी, चुलत्यानं हप्त्यावर घेतलेली तीही गाडी. वडापाव विकतात तीसुद्धा गाडीच. इंग्रजीत मात्र चाकागणिक नाव बदलतं. आता पोराला वाटतं की इंग्रजांना साधा गाडी हा शब्द माहीत नसल्यानं त्यांनी वीस शब्द काढले, आणि त्याचं हे म्हणणं मला आजपर्यंत खोडता आलेलं नाही.

पण गंमत बघा. “मामा गाडीवर आला” म्हटलं की कुठलंही पोर सांगतं, मोटारसायकल. “मामा गाडीत आला” म्हटलं की चारचाकी, आणि घरात चहा जरा जास्त दुधाचा होणार. “मामा गाडीनं आला” म्हणजे एसटी. नाव एकच, पण वर, त आणि नं या तीन शेपट्यांनी पोर वाहन ओळखतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. इंग्रजीतलं ‘ऑन द बाइक’, ‘इन द कार’, ‘बाय बस’ याच तीन शेपट्यांवर चालतं. सबंध पाठाचं मर्म एवढंच. बी.एड.ला मला शब्दयोगी अव्ययांवर चौदा पानं लिहायला लावली होती, आणि हे चौदा पानांत कुठंही नव्हतं.

“मला गाडी लागते” याचं इंग्रजी पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं तर पाणी प्यायला बाहेर जा. गाडी फलाटावरही लागते आणि आईलाही लागते. दोन्हीसाठी इंग्रजीत वेगवेगळी सोय आहे, पण ती दिवाळीनंतर.

पायरी दुसरी : तोंडातले शब्द मोजा

वर्गाला विचारा, तुम्हाला इंग्रजी किती येतं? सगळे खाली बघतील. मग विचारा, पंक्चरवाल्याकडं काय काय असतं? टायर, ट्यूब, वॉल्व्ह, पंप, नट, बोल्ट, स्पोक, चेन, ब्रेक, क्लच, गिअर, प्लग, सीट, हँडल, साइड स्टँड. दुसरीच्या वर्गात मी एकदा खडूनं रेघा मारत गेलो, त्रेचाळीस झाल्या. मागच्या बाकावरचा, ज्याला सहामाहीत इंग्रजीत तीन मार्क होते, त्यानं एकट्यानं सतरा सांगितले. त्याच्या बापाचं गॅरेज आहे. त्या दिवशी मी त्याच्याकडून कार्ब्युरेटर हा शब्द शिकलो, म्हणजे नीट उच्चारायला.

पुढं मात्र धोक्याचं वळण आहे. यातले काही शब्द इंग्रजी असूनही इंग्लंडला पोचले की परके होतात. स्टेपनी घ्या. वेल्समधल्या लानेथ्ली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर दोन भावांचं दुकान होतं. १९०४ च्या सुमारास त्यांनी पंक्चर झाल्यावर चालवायचं जादा चाक काढलं, त्याला रस्त्याचं नाव पडलं. तिकडं आज त्याला स्पेअर व्हील म्हणतात. त्या रस्त्याचं नाव जिभेवर जपलंय ते आपल्या पंक्चरवाल्यांनी. डिकीचंही तसंच. जुन्या मोटारींच्या पाठीमागं उघडमिटीची एक बैठक असायची, ती डिकी. बैठक गेली, शब्द आपल्याकडं सामान ठेवायला राहिला. इंग्रज आता त्या जागेला बूट म्हणतो आणि अमेरिकन ट्रंक. “बूटमध्ये पिशवी ठेव” असं वाक्य फळ्यावर लिहायच्या आधी पोरांच्या पायांकडं एकदा बघून घ्या. ट्रंक तर आजीच्या पलंगाखाली आहे, आणि तिला कुलूप आहे.

मी डिकीला बरोबरची खूण देतो. केंद्रातले एक गुरुजी लाल फुली मारतात. आमचं बोलणं बंद नाही, पण कमी आहे.

ॲपेचा तास

हा तास वेगळा ठेवायला लागतो, कारण बारामतीत तो टळत नाही. शाळेसमोरून दर दहा मिनिटांनी एक तीनचाकी जाते आणि तिच्यावर रोमन लिपीत तीन अक्षरं असतात : ए, पी, ई. नुकतीच अक्षरं जुळवायला लागलेलं पोर ती मोठ्यानं वाचतं, “एप.” पुस्तकात एपचं चित्र असतंच, बिनशेपटीचं वानर. पोर एकदा वानराकडं बघतं, एकदा रिक्षाकडं, आणि मग रिक्षावाल्याकडं.

इथं तुम्ही गडबडलात तर वर्षभराची इज्जत गेली. म्हणून आधीच वाचून ठेवा. ही गाडी पियाजियो या इटालियन कंपनीची, आणि तिचा कारखाना आपल्याच बारामतीच्या एमआयडीसीत. इटलीत ही तीनचाकी १९४८ साली निघाली. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी. त्याच कंपनीची दोनचाकी वेस्पा, ती म्हणजे गांधीलमाशी. तीही २०१२ पासून बारामतीतच तयार होते. म्हणजे गाव मराठी, अक्षरं रोमन, शब्द इटलीचा, आणि वाचायला गेलं तर इंग्रजीत वानर. एवढं सांगून झालं की पोरं खिडकीकडं धावतात आणि पुढची अर्धी घटका जाणाऱ्या प्रत्येक गाडीला “मधमाशी, मधमाशी” असा पुकारा होतो. होऊ द्या. त्या अर्ध्या घटकेत ए, पी, ई ही अक्षरं जितकी पक्की होतात तितकी कुठल्या कार्डांनी होत नाहीत.

“सर, मग छोटा हत्तीला इंग्रजीत स्मॉल एलिफंट म्हणायचं का?” हा प्रश्न येणारच. उत्तर : म्हण.

अक्षरं झाली की आकडे. फाटकाजवळ पोरांना रांगेत बसवून नंबरप्लेटा वाचायला लावा. एमएच बेचाळीस म्हणजे आपण. पंचेचाळीस अकलूजची, तेरा सोलापूरची, बारा पुण्याची, तेवीस बीडची. फोर्टी-टू आणि ट्वेंटी-थ्री या दोन संख्या माझ्या वर्गात सगळ्यांना येतात. मधल्या अठरा कुणालाच येत नाहीत.

पायरी चौथी : एसटी

तिसरी पायरी एसटी वेळेवर आली तर घ्यायची होती.

एसटीला तासभर पुरेल एवढं इंग्रजी आहे आणि कंडक्टर ते फुकट शिकवतो. एक बेल म्हणजे स्टॉप, डबल बेल म्हणजे गो. तिकिटाचा प्रकार तर अपूर्णांकांसकट. पंच्याहत्तरी ओलांडलेली आजी फ्री, मार्च २०२३ पासून आई हाफ, पोर हाफ, आणि खिडकीतून रुमाल टाकून सगळ्यांसाठी जागा धरणारा बाप तेवढा फुल. “हू इज फुल?” असं विचारलं की वर्ग एका सुरात “फादर!” म्हणतो. व्याकरणात बसत नाही, पण खरं आहे.

बस हा शब्द आता काढायला हरकत नाही. तो लॅटिनमधल्या ‘ओम्निबस’चं शेपूट आहे, ओम्निबस म्हणजे सर्वांसाठी. आपल्या महामंडळाचं ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’, म्हणजे अर्थ तोच, फक्त पूर्ण लिहिलेला. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. ॲपेही त्याच वर्षीची, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. एक सर्वांसाठी, दुसरी सर्वांना आत घेते.

आता अवघड जागा. मोटारसायकलवर ऑन, कारमध्ये इन, इथवर मराठीनं साथ दिली. एसटी मात्र आपल्या ‘एसटीत’ला दगा देते. इंग्रजीत ती ‘ऑन द बस’. पोरं म्हणतात, “सर, टपावर?” नियम असा सांगतात की ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, तिथं ऑन. सकाळच्या सातच्या बारामती गाडीत उभं राहता येतं. चालता येत नाही, हात वर केला तर खाली घेता येत नाही. तरी ऑनच. हे मी तीन वर्षं शिकवतोय आणि तीन वर्षं वर्ग मला टपाचं विचारतोय.

घरचा अभ्यास म्हणून मार्गाची पाटी द्या : काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, जंक्शन. थांबा. जंक्शन हे आपल्याकडं गाव आहे. वालचंदनगरला जायचा रस्ता तिथून फुटतो, रूळ आज औषधालाही नाहीत. त्या गावचं पोर वर्गात असेल तर इंग्रजीतला एक कठीण शब्द ते गावाचं नाव म्हणून जन्मापासून बाळगून आहे. त्याला विचारा, जंक्शन म्हणजे काय? ते सांगेल, “आमचं घर.” मग ‘फाटा’ असा अर्थ सांगा. त्याचा चेहरा थोडा उतरेल.

आणि तक्त्यातल्या जहाजाचं काय करायचं, असं ज्यांना छळत असेल त्यांनी त्याच फाट्यावरून वालचंदनगरला जावं. वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस अजून देशात नौवहन दिन म्हणून पाळतात. १९४० मध्ये त्यांनी बंगळुरात विमानाचा कारखाना काढला, १९४४ मध्ये मोटारींची प्रीमियर कंपनी. शिप, प्लेन, कार, तक्त्याची वरची ओळ एका माणसानं भरून काढली आणि त्याचं नाव इंदापूर तालुक्यात एका गावाला, साखर कारखान्यासकट. पोरांना मात्र यातलं जहाज पटत नाही. वालचंदनगर म्हटलं की त्यांना ऊस आठवतो.

पायरी पाचवी : ऊस

दिवाळी झाली की तुमचा पट वाढतो. बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या पडतात आणि मागच्या दाराजवळ चार-पाच नवी पोरं येऊन बसतात. त्यांना नव्या मुलांसारखं वागवू नका. वाहनांच्या बाबतीत वर्गातली सगळ्यात शिकलेली तीच असतात.

बीडकडची एक पोर, असेल आठेक वर्षांची, अंगावर मोठ्या भावाचा शर्ट. मी फळ्यावर ट्रॅक्टर काढला, मागं चौकोन काढला आणि लिहिलं, ट्रॉली. ती उठली. म्हणाली, “गुर्जी, हे कुठलं? हेड एक आन् ट्रॉली एकच? दोन असत्यात.” मी दुसरा चौकोन काढला. “मधी दांडी ऱ्हायली.” दांडी काढली. “ऊस कुठंय?” ऊस काढला. “लई थोडाय.” मी रेघा मारत गेलो, ती “आनखी” म्हणत गेली. शेवटी ऊस ट्रॅक्टरच्या दुप्पट उंच झाला आणि फळा संपला, तेव्हा ती खाली बसली. मग तिनं सांगितलं की बैलाची ती टायरगाडी, आणि ट्रॅक्टरला बैलगाडीसारखी गाडी जोडली की ते जुगाड. जुगाडाला इंग्रजी मी शोधलं नाही. इंग्रजीनंच तो शब्द आता घेतलाय.

ट्रॉलीलाही इंग्रजीत ट्रेलर म्हणतात, ट्रॉली म्हणजे त्यांची दुकानातली ढकलगाडी, हे मला माहीत आहे. त्या पोरीला सांगायचं धाडस झालं नाही.

याच तासाला क्रियापद घ्या. पुस्तक सांगतं : कार ड्राइव्ह करतात, सायकल राइड करतात. बैलगाडीचं पुस्तकात नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला ती वाहन वाटली नसावी. पण ड्राइव्ह या क्रियापदाचा जुना अर्थच मुळी जनावर पुढं घालून हाकणं असा आहे. मोटार फार नंतर आली आणि बैलाचं क्रियापद उसनं घेऊन बसली. म्हणजे ‘हाकणे’ला इंग्रजीत नेमका शब्द आहे, आणि तिच्या बापाचा हक्क त्यावर मोटारवाल्याच्या आधीचा. “माय फादर ड्राइव्ह्ज अ बुलक कार्ट.” तिनं हे वाक्य इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या चौथीच्या वर्गातून बाई बघायला आल्या.

हंगाम संपून पट्टा पडला की टोळी जाते. हजेरीत त्या चार-पाच नावांपुढं रिकाम्या चौकटी राहतात, वह्या कपाटात. तिची वही माझ्याकडं आहे. ट्रॅक्टरला तिनं दोन ट्रॉल्या काढल्यात.

होडीबद्दल

भिगवण, पळसदेव, कळाशी या बाजूची शाळा असेल तर बोट शिकवायला तक्ता लागत नाही. उजनीचं पाणी शाळेच्या मागं असतं, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याहून लोक येतात आणि पोरांचे बाप त्यांना होडीतून फिरवतात. ‘रो’, ‘नेट’, ‘फिश’ ती तुमच्याआधी बोलतील. शेजारच्या डिकसळला तर पुण्याहून निघालेली रेल्वे १८५८ सालीच येऊन पोचली होती, तेही सांगा.

पण शब्दांचा क्रम मी सांगतो तोच ठेवा. पहिला शब्द लाइफ जॅकेट, नंतर बोट. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळात उलटली आणि सहा जण गेले. हा शब्द पाठ करून घेताना वर्गात हसायचं नाही, एवढा एकच नियम मी लावलाय.

पायरी शेवटची : पायी

शाळा जूनमध्ये उघडते आणि थोड्याच दिवसांत तुकोबांची पालखी बारामतीत येते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या, मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण, मग निमगाव, इंदापूर, सराटी, आणि नीरा ओलांडून पलीकडं अकलूज. त्या आठवड्यात शाळेत शिकवणं होत नाही, तेव्हा शिकवायची हीच वेळ.

रस्त्याकडेला उभं राहून पोरांना विचारा, “हाऊ डू दे गो टु पंढरपूर?” ‘नं’ला ‘बाय’ हे त्यांना आता पक्कं झालंय, म्हणून उत्तर येतं, “बाय वॉक.” कुणी म्हणतं, “बाय लेग.” एकजण म्हणाला, “बाय विठ्ठल.” खरं उत्तर ‘ऑन फूट’, आणि इथं पुन्हा तो ऑन. पण यावेळी मला टपाचं कुणी विचारलं नाही. समोरून एक म्हातारी चालली होती, डोक्यावर तुळस, पायात काही नाही. पोरं तिच्या पायांकडं बघत होती. “ऑन फूट,” एकानं हळू म्हटलं, आणि बाकीच्यांनी मान डोलावली.

परीक्षा

लेखी घेऊ नका. तोंडी घ्या, प्रश्न एकच : “हाऊ डू यू कम टु स्कूल?” बाय एसटी, बाय सायकल, ऑन फूट, बाय ट्रॅक्टर, सगळं चालेल. दूध घालायला निघालेल्या काकाच्या मोटारसायकलवर कॅनच्या मधे बसून येणाऱ्यानं “बाय मिल्क” म्हटलं तरी अर्धा मार्क द्या.

फक्त तपासणीला कुणी साहेब येणार असतील त्या दिवशी हा प्रश्न टाळा. आमच्याकडं आले होते. वर्ग छान बोलत होता, साहेब खूश. शेवटच्या बाकावरचं एक पोर वस्तीवरून येतं. वाटेत एसटी नाही, म्हणून मीच त्याला माझ्या गाडीवर घेऊन येतो. साहेब त्याच्यापुढं जाऊन वाकले आणि त्यांनी विचारलं, “अँड यू? हाऊ डू यू कम टु स्कूल?” पोरानं माझ्याकडं एकदा बघितलं, मनातल्या मनात ‘सरांनी’ची शेपटी काढून पुढं बाय लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “बाय सर!”

साहेबांनी घड्याळ बघितलं, “बाय बेटा” म्हणाले, आणि निघाले.